हलकी बंदूक म्हणजे कमी धक्का नव्हे

'बायकांना धक्का सोसत नाही, म्हणून हलकी बंदूक घ्या' असा सल्ला काही जण देतात, तो नेमका उलटा आहे. धक्का म्हणजे बार काढताना बंदूक मागे खांद्यावर आदळते तो. तेच काडतूस २.७ किलोच्या बंदुकीतून उडवलं तर ३.३ किलोच्या बंदुकीपेक्षा धक्का जास्तच बसतो. २० बोअरला (म्हणजे १२ बोअरपेक्षा बारीक नळीच्या बंदुकीला) छर्ऱ्यांचा भार कमी, हे खरं. पण ती बंदूकही बहुधा हलकी असते, त्यामुळे फायदा वाटतो तेवढा उरत नाही.

आमचं घर पन्हाळ्याच्या बाजूला, मळ्यात. बायकोनं स्वतःच्या नावावर परवाना काढला (माझ्या परवान्यावर तिला बंदूक चालवता येत नाही, हे लक्षात ठेवा). पहिल्या दिवशी ३२ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसांचे पाच बार काढले आणि दंड काळानिळा! दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग) तिच्या हाताला लांब होता, त्यामुळे तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर टेकत होता. सुताराकडून दस्ता इंचभर कापून रबरी पॅड बसवलं, सरावाला २४ ग्रॅमची काडतुसं घेतली. बंदूक तीच, १२ बोअरची. आता पंचवीस बार सहज काढते. आणि घराच्या रक्षणासाठी एलजी (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) भरणाऱ्यांनी आधी विचार करा: पत्र्याचं दार ते सहज भेदतं, पलीकडे गडी झोपलेला असतो.