गौरीजेवणाच्या दुपारी सगळ्यांना चालेल असा सिनेमा कोणता?

घरात अकरा माणसं. सासूबाई ७८ च्या, त्यांना गाणी हवीत. लेक आठवीत, तिला "रडका नको". गेल्या वर्षी मी हौसेने 'शाळा' लावला. बोकिलांच्या कादंबरीची माझी पारायणं झालीत, त्यामुळे मी एकटीच डोळे पुसत बसले. बाकीचे पुरणपोळीवर तूप ओढून घोरत होते. यंदा काय लावू?

प्रतिसाद १
'लगान'. जवळजवळ पावणेचार तास आहे खरा, पण मॅच सुरू झाली की झोपलेलेही उठून बसतात. मध्येच चहा टाका.

प्रतिसाद २
'श्यामची आई' सुचवणार होतो. अत्र्यांचा, १९५३ चा. पण लेकीची अट वाचली, राहू दे.

प्रतिसाद ३
'कट्यार काळजात घुसली', २०१५ चा. मूळ दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. 'घेई छंद' लागलं तेव्हा आमच्या आईने रिमोट हिसकावून आवाज वाढवला. एरवी तिला टीव्हीचा आवाज सोसत नाही!

मूळ प्रश्नकर्ती
कट्यार ठरला. लेकीची नवी अट: पुढचं कुणी आधी सांगायचं नाही. सासूबाईंनी नाटक तीनदा पाहिलंय, कठीण आहे.