लॉगरची फाइल ‘फेल’ दाखवतेय, सिल्व्हर बॅजचं काय?

थर्मल५०: जर्मनीतल्या ग्लायडिंग (बिनइंजिनाच्या विमानांच्या) क्लबात उडतो. सिल्व्हर या ग्लायडिंगच्या कौशल्य-बॅजचे ५० किमी आणि १००० मीटरची उंची-वाढ एकाच उड्डाणात काढायचा विचार आहे. क्लबचा जुना जीपीएस लॉगर (उड्डाणाचा मार्ग नोंदवणारं यंत्र) वापरून पाहिला. डाउनलोड केल्याकेल्या फाइल तपासणी प्रोग्रॅममध्ये टाकली, तर फेल. नकाशावर मार्ग मात्र अगदी व्यवस्थित दिसतो. शिवाय फाइलीत आधीच्या पायलटचं नाव आहे, ते नोटपॅडमध्ये बदललं तर चालेल का? की सरळ फोनवरच्या ॲपची आयजीसी फाइल (उड्डाण-नोंदीची ठरलेल्या स्वरूपातली फाइल) द्यावी?

शिक्कामोर्तब: नोटपॅडला हात लावू नका. आयजीसी फाइलीत तळाशी ‘जी’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, ती यंत्राची डिजिटल सही. यंत्रात दडलेल्या खासगी किल्लीने वरच्या नोंदींवरून ती काढलेली असते. पायलटच्या नावातलं एक अक्षर बदललंत तरी हिशेब जुळत नाही. नाव भरायचं ते उड्डाणाआधी, यंत्रातच.

पण तुमची फाइल न छेडताच फेल होतेय, म्हणजे किल्लीच गेलेली असण्याची शक्यता जास्त. कारणं सहसा दोन. कोणीतरी डबा उघडला असेल: आत मायक्रोस्विच असतो, झाकण सैल झालं की तो किल्ली पुसून टाकतो. किंवा स्मृती जिवंत ठेवणारी आतली छोटी बॅटरी संपली असेल. आधी स्क्रूवरचं सील फाटलंय का बघा. सील शाबूत असेल तर संशय बॅटरीवर. दोन्हींत यंत्र मार्ग नोंदवत राहतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. क्लबात बॅटरी बदलून उपयोग नाही (उलट त्यासाठी डबा उघडलात की स्विच आहेच). किल्ली पुन्हा भरायची तर यंत्र निर्मात्याकडेच पाठवावं लागतं.

जाता जाता फाइलीतली तारीखही पाहा. जीपीएसचा आठवड्यांचा गणक १०२४ नंतर शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला. काही जुने रिसीव्हर तेव्हापासून साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख छापतात.

वाराफिरला: फोनबद्दल. एफएआयच्या (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या) नियमांत नोंद-यंत्रांचे दोन वर्ग आहेत. आयजीसीने (एफएआयच्या ग्लायडिंग आयोगाने) मान्य केलेले फ्लाइट रेकॉर्डर, आणि त्याखाली पोझिशन रेकॉर्डर. दुसऱ्यांना मान्यता देशाची राष्ट्रीय संघटना देते, तीही फक्त सिल्व्हर आणि गोल्ड बॅजपुरती; त्यावरच्या डायमंडला ते चालत नाहीत. तुमचं ॲप त्या यादीत आहे का, हे संघटनेच्या पानावर आधी बघा.

ॲपवर भरवसा कमी का, तर फोनला खोटं ठिकाण पुरवणं पोरखेळ आहे. ‘मॉक लोकेशन’ चालू केलं की ॲप निमूटपणे त्यावरच सही करतं. आणि ॲपचा सोर्स कोड खुला असेल तर सहीची किल्लीही कुणालाही वाचता येते. मान्य रेकॉर्डरमध्ये जीपीएस रिसीव्हरपासून किल्लीपर्यंत सगळं एका सीलबंद डब्यात असतं, शिवाय हवेच्या दाबाचा सेन्सर वेगळा. फाइलीत प्रत्येक ‘बी’ने सुरू होणाऱ्या ओळीत (ठिकाणाची नोंद) दाबावरून काढलेली उंची आणि जीपीएस उंची शेजारी शेजारी येतात. नुसती जीपीएसची बनावट केलीत तर ही जोडी विसंगत दिसते, घिरट्या वाऱ्याबरोबर सरकत नाहीत, त्याच दिवशी त्याच भागात उडालेल्या इतरांच्या फायलींशी मेळ बसत नाही.

सही मात्र एवढंच सांगते की डब्यातून निघाल्यावर फाइल बदललेली नाही. डबा कुठल्या ग्लायडरमध्ये होता आणि आत कोण बसलं होतं, हे सहीला ठाऊक नसतं. म्हणून ऑफिशियल ऑब्झर्व्हर (उड्डाणाचा अधिकृत साक्षीदार) लागतो.

थर्मल५०: समजलं. पण ॲपने ग्राफमध्ये १०३० मीटर वाढ दाखवली होती, लॉगरने ९९०. खरं कोणाचं धरायचं?

शिक्कामोर्तब: मान्य रेकॉर्डर असेल तर दाबाचं. प्रमाण वातावरणापेक्षा हवा १० अंश गरम असली की भौमितिक (जीपीएस मोजतं ती) उंची-वाढ दाबाच्या वाढीपेक्षा साधारण ४ टक्के जास्त भरते. तुमचे ४० मीटर तिथेच गेले. उंचीच्या मापात खोट नाही, उन्हाळ्यात हे व्हायचंच. पोझिशन रेकॉर्डरच्या जीपीएस उंचीवर दावा केलात तर चुकीसाठी १०० मीटर जादा राखावे लागतात, म्हणजे ११०० हवेत. दाबाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन पाच वर्षांच्या आतलं आहे का तेही विचारा, क्लबच्या यंत्रांत हा कागद हमखास हरवलेला असतो.

आणि जीपीएस उंची समुद्रसपाटीपासून समजू नका. मान्य रेकॉर्डरच्या फाइलीत ती डब्ल्यूजीएस ८४ लंबगोलापासून (जीपीएस धरतं त्या पृथ्वीच्या गणिती आकारापासून) असते. जर्मनीत त्यामुळे ४०-५० मीटर जास्त दिसते, भारतात उलट कमी.

वाराफिरला: उड्डाणाच्या दिवशी ऑब्झर्व्हरला यंत्राचा क्रमांक, बसवलेली जागा, टेकऑफ-लँडिंगची वेळ लिहायला लावा. फाइलीतली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, जर्मनीच्या उन्हाळी घड्याळातले दोन तास वजा करायला विसरू नका. उतरल्यावर डाउनलोड त्यांच्यासमोर. यंत्र स्वतःच्या स्वरूपातली वेगळी फाइल देत असेल (केंब्रिजच्या जुन्या यंत्रांची सीएआय तशी) तर तीही जपा; रूपांतरात गडबड झाली तर तीच कामी येते.

सहीच्या काळजीत एक टक्क्याचा नियम (गमावलेली उंची अंतराच्या एक टक्क्याच्या आत) सुटतो, तो सांभाळा. ५० किमीला ओढणाऱ्या विमानाचा दोर सोडल्यापासून शेवटपर्यंत ५०० मीटरपेक्षा जास्त उंची गमावलेली चालत नाही. धावपट्टीच्या ९०० मीटर वर दोर सोडून धावपट्टीच्याच पातळीच्या मैदानात ५२ किमीवर उतरलात तर सही पास आणि दावा नापास. दोर खाली सोडा, नाहीतर अंतर वाढवा.