हान्याचे आडनाव

रानडे बाई (क-२०२) : सर्वांना नमस्कार. आपल्या इमारतीतील मुलांच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मी लिहिलेली दीर्घकथा काल रात्री गटावर टाकली आहे. ज्यांना ती वाचायला सवड झाली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे सोव्हिएत सैनिक पूर्व पोलंडमधील एका कुटुंबाला झोपेतून उठवतात आणि मालगाडीत कोंबून उत्तर रशियातील जंगलात लाकूडतोडीसाठी पाठवून देतात. हान्या तेव्हा साडेसहा वर्षांची आहे, तिचा भाऊ यानेक दोन वर्षांचा. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर या पोलिश लोकांची सुटका होते, वडील जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात भरती होण्यासाठी पुढे निघून जातात आणि आई उझबेकिस्तानात टायफसने दगावते. १९४२ मध्ये मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला, तेथून कराचीमार्गे मुंबईला आणि १९४३ मध्ये आपल्या शेजारी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन पोहोचतात. ही दोन मुले माझ्या कल्पनेतील आहेत. छावणी, वर्षे आणि वाट मात्र खरी आहे. शेवटच्या प्रकरणात वडील वळिवड्याच्या फलाटावर उतरतात आणि हान्या धावत जाऊन त्यांना बिलगते. अंक शनिवारी सुवाच्य अक्षरात उतरवायला घ्यायचा आहे, म्हणून मोकळेपणाने मत द्यावे.

जोशी (अ-३०३, सचिव) : बाई, कथा एका बैठकीत वाचून काढली. कोल्हापूरला शेकडो वेळा जाऊनही, त्या बाजूला जवळपास पाच हजार पोलिश माणसे, त्यांतही बहुतेक बायका आणि मुले, पाच वर्षे राहून गेली हे मला साठाव्या वर्षी कळले, याची थोडी लाज वाटली. शंका एवढीच आहे की दिवाळी अंकात आई मरणे, भूक, बर्फातील मालगाडी हे सारे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना झेपेल का? थोडे सौम्य करता आले तर पाहावे.

पवार ताई (ब-३०१) : जोशी काका, माझे मत वेगळे आहे. आम्ही मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडी भागातल्या घराघरांतून माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली आहेत. माझे सासरे तमिळनाडूत होते आणि माझे यजमान आजही तिकडेच आहेत. माझ्या मुलाला बाप वर्षातून दोनदा भेटतो, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला. आलेल्या बापाशी पहिले दोन दिवस काय बोलायचे ते मुलाला सुचत नाही, तो माझ्या पदराआडून त्यांच्याकडे पाहत राहतो. यजमान युद्धावर नाहीत, रोज फोनवर दिसतात, तरीही असे होते. म्हणून मला आईचा मृत्यू खटकला नाही, शेवट खटकला. सहा-सात वर्षे न पाहिलेल्या माणसाला हान्या धावत जाऊन कशी बिलगेल? आणि यानेकचे काय? त्याला तर बापाचा चेहराही आठवत नसणार.

सूर्यवंशी काका (अ-१०४) : मी रेल्वेत अडतीस वर्षे काढली, त्यांतील बरीचशी मिरजेला, म्हणून माझ्या अधिकारातील दोन गोष्टी सांगतो. बाईंनी मुलांना मुंबईच्या बोरीबंदरावर बसवून तीच गाडी थेट वळिवड्याला आणली आहे. तसे होणे शक्य नव्हते. मुंबई-पुणे मार्ग रुंद रुळांचा आणि पुण्यापासून मिरज-कोल्हापूरपर्यंतचा मीटर गेजचा. १९७१ पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे त्या मार्गाने येणाऱ्याला पुण्याला गाडी बदलावीच लागे, मग तो पोलंडहून आलेला असो की परळहून. दुसरे म्हणजे मुलांना सांगलीच्या आजच्या स्थानकातून उसाची शेते दिसतात असे लिहिले आहे. त्या काळी मुख्य मार्ग सांगली शहराला बाजूला ठेवून जात असे आणि मिरजेहून सांगलीला वेगळा फाटा होता. मुलांना मिरज दाखवावे, म्हणजे चूक होणार नाही.

रानडे बाई (क-२०२) : सूर्यवंशी काका, दोन्ही दुरुस्त्या मान्य. पवार ताईंचा मुद्दा मात्र एका वाक्याच्या दुरुस्तीने सुटणारा नाही, त्यावर मी दुपारभर विचार करते आहे.

माने (ब-२०३, सुभेदार मेजर, निवृत्त) : वडिलांचे फलाटावर उतरणे मलाही पटले नाही, त्याचे कारण लष्करी आहे. अँडर्स यांच्या सैन्यातून उभे राहिलेले दुसरे पोलिश कोअर इटलीत लढले आणि १८ मे १९४४ रोजी त्यांनीच मॉन्ते कासिनोच्या मठावर झेंडा लावला. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही त्याच इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील ज्या कामगिरीसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती तिथलीच. म्हणजे हान्या आपल्या मुलखात आणि आपल्या मुलखातले जवान तिच्या वडिलांच्या आघाडीवर, असा तो काळ होता. लढाई संपल्यावर सैनिकाला रजा घेऊन इटलीतून कोल्हापूरला मुले आणायला कोण सोडणार? शिवाय त्यांना परत जायला गावच उरले नव्हते. याल्टा येथे झालेल्या दोस्त राष्ट्रांच्या वाटाघाटींनंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहिला. त्यामुळे या सैन्यातील पुष्कळ जण ब्रिटनमध्ये थांबले आणि १९४७-४८ मध्ये त्यांची बायकामुले भारतातून जहाजाने तिकडे गेली. बापाने मुलांकडे येण्यापेक्षा मुलांनी बापाकडे जाणे खऱ्याला धरून होईल.

कांबळे (क-१०१) : माझ्या मुलाने, अद्वैतने (इयत्ता सहावी), कथा वाचली आणि त्याचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहिते आहे. "युद्धात असलेल्या बाबांना कसे कळले की हान्या आणि यानेक कोल्हापूरला आहेत? त्यांच्याकडे फोन नव्हता आणि मुलांनी पत्र कुठल्या पत्त्यावर टाकले?"

रानडे बाई (क-२०२) : अद्वैत, तू माझी चोरी पकडलीस. मी "एके दिवशी वडिलांचे पत्र आले" एवढेच लिहून पुढे सरकले आहे आणि मुलांसाठी लिहिणारे आम्ही लोक नेमके इथेच लबाडी करतो. हरवलेले माणूस सापडणे हा कथेचा गाभा असतो आणि तोच आम्ही एका वाक्यात, बहुधा योगायोगाच्या भरवशावर, उरकतो. प्रत्यक्षात माणसे याद्यांमधून सापडत. मुलांची नावे इराणमध्ये उतरताना लिहिली जात, पुन्हा छावणीत लिहिली जात. वडिलांचे नाव सैन्याच्या पटावर असे आणि सैन्याची स्वतःची टपालव्यवस्था होती. रेड क्रॉसच्या जिनिव्हातील कचेरीत तर शोध घेणाऱ्याचे कार्ड आणि मिळालेल्या माहितीचे कार्ड एकाच वर्णानुक्रमात लावत, जेणेकरून एका नावाची दोन कार्डे कधीतरी शेजारीशेजारी येतील. अर्थात सोव्हिएत संघाकडून त्या कार्डांना जवळजवळ काही माहितीच मिळत नसे, त्यामुळे हान्याच्या कुटुंबासाठी सैन्याचा पट आणि छावण्यांच्या याद्या हाच आधार धरावा लागेल.

आता या याद्यांमधली खरी अडचण सांगते, कारण ती मला आत्ता, तुझ्या प्रश्नामुळे, कथेसाठी सापडली. पोलिश भाषेत "स्की"ने संपणारे आडनाव स्त्रीपुरुषांप्रमाणे बदलते. बाप कोवाल्स्की, मुलगा कोवाल्स्की, पण मुलगी कोवाल्स्का. पोलिश माणसाला हे सांगावे लागत नाही. मात्र वाटेतल्या कुठल्या इंग्रज किंवा भारतीय कारकुनाला ते ठाऊक नसेल तर त्याच्या लेखी बहीण-भाऊ ही दोन वेगळ्या घरांची मुले ठरतात. त्यात कोवाल्स्की हे तिकडे आपल्या जाधव-पाटलांइतके सर्रास आडनाव आहे.

जोशी (अ-३०३, सचिव) : पण भाऊ-बहीण एकत्रच राहत असतील तर कारकुनाच्या चुकीने काय बिघडणार?

रानडे बाई (क-२०२) : एकत्र राहत नसतील तर? माझे माहेर वाईचे, त्यामुळे पाचगणी मला लहानपणापासून परिचयाची. छातीचे विकार जडलेल्या पोलिश मुलांना आणि मोठ्यांना त्या काळी पाचगणीच्या हवेत ठेवत असत. यानेकला मी तिथे पाठवते. म्हणजे कोवाल्स्का वळिवड्याच्या यादीत आणि कोवाल्स्की पाचगणीच्या यादीत. इटलीतून वडिलांनी चौकशी केली तर त्यांना फक्त मुलगा सापडेल आणि मुलगी वाटेत गेली असे ते धरून चालतील. ही चूक छावणीच्या शाळेतील पोलिश बाईंच्या लक्षात येते, कारण वळिवड्यात मुलांच्या शाळा पोलिश भाषेत चालत आणि हजेरीपटावर तिची नजर रोज फिरत असते. योगायोग नाही, कोणी महाराजा नाही, व्याकरण जाणणारी एक शिक्षिका. (मीही व्याकरणच शिकवत असे, त्यामुळे हा पक्षपात आपण पोटात घालावा.)

पवार ताई (ब-३०१) : महाराजा नको का म्हणता? जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आश्रय दिला आणि मुले त्यांना बापू म्हणत, हे आमच्या लेकीने शाळेत भाषणात सांगितले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा जामसाहेबांचे आणि कोल्हापूरचे अशी दोन्ही स्मारके बातम्यांत दाखवली होती.

रानडे बाई (क-२०२) : जामसाहेबांचे मोठेपण कोण नाकारील? पण बालाचडीची गोष्ट वळिवड्याला चिकटवली तर दोन्ही खोट्या होतील. शिवाय उदार राजाच्या गोष्टीत मूल केवळ घेणारे उरते. मला हान्या काहीतरी करताना हवी आहे. वळिवड्यातील बराकीत शेजारच्या खोलीत राहणारी एक विधवा यानेकला सांभाळते आणि तो तिला आई म्हणू लागतो, हे मी आधीच लिहिले आहे. आता ब्रिटनला जाण्याची वेळ आल्यावर ती विधवा दुसऱ्या जहाजाने, दुसऱ्या देशात जाणार असते, कारण वळिवड्याची माणसे खरोखरच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली आणि काही पोलंडलाही परतली. खरा बाप मिळवताना यानेकची आई दुसऱ्यांदा सुटते. हे हान्याला कळते, यानेकला कळत नाही, आणि ते त्याला सांगायचे तिच्यावर येते.

लालवाणी काकू (ड-४०२) : मी इतका वेळ फक्त वाचत होते. माझे सासर गांधीनगरचे, म्हणजे ह्याच छावणीचे. पोलिश लोक गेल्यावर त्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली आमची माणसे वसवली गेली. आज तुम्ही सगळे लग्नाचे कापड घ्यायला तिथे जाता, पण माझ्या सासूबाई तिथे पहिल्यांदा उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक होती आणि एक दीर हरवलेला होता. त्या सांगत की मिळालेल्या खोलीपुढे कोणी तरी हौसेने फुलझाडे लावली होती. सासरे म्हणाले, उपटून टाका, भाजी लावू. सासूबाई म्हणाल्या, ज्यांनी लावली त्यांचे घर गेले, आता झाडेही घालवू नका. शेवटी अर्ध्या वाफ्यात मेथी लागली. फाळणीनंतर आकाशवाणीवरून हरवलेल्यांसाठी निरोप वाचत, ते ऐकायला सासूबाई दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसत. दीर पुढे उल्हासनगरच्या छावणीत सापडले, आणि तेही ओळखीच्या माणसाने तिथल्या रांगेत पाहिले म्हणून. रानडे बाई, तुमच्या गोष्टीत हान्या दार ओढून घेते आणि "बराक रिकामी झाली" असे वाक्य आहे. ती फार दिवस रिकामी राहिली नाही.

माने (ब-२०३, सुभेदार मेजर, निवृत्त) : काकू, हे वाचून थांबलो.

जोशी (अ-३०३, सचिव) : लालवाणी काकूंची हकिकत अंकात आलीच पाहिजे, पण याच कथेत आणली तर पान वाढेल आणि मुलांचा गोंधळ होईल, असे मला वाटते. स्वतंत्र लेख करावा.

रानडे बाई (क-२०२) : जोशी साहेब, स्वतंत्र लेख काकूंनी स्वतः लिहावाच आणि तो मी उतरवून देईन. माझ्या कथेत फाळणी आणणार नाही, कारण १९४७ च्या शेवटी निघालेल्या हान्याला पुढे कोण येणार ते ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र "बराक रिकामी झाली" हे वाक्य काढते. त्याऐवजी निघण्याच्या सकाळी हान्या दारापुढच्या झाडांना पाणी घालते, एवढेच लिहीन. अंकात कथेनंतर लगेच काकूंचा लेख येईल. मेथीच्या वाफ्यापाशी मुले काय ते ओळखतील.

कांबळे (क-१०१) : अद्वैत विचारतो आहे की जहाजातून उतरल्यावर यानेक वडिलांना काय म्हणून हाक मारतो.

रानडे बाई (क-२०२) : हाक मारत नाही. तो हान्याच्या मागे उभा राहतो, पवार ताईंच्या मुलासारखा. वडील खिशातून चौकशीच्या उत्तराचा कागद काढतात, ज्यावर आधी फक्त त्याचे नाव होते आणि खाली वेगळ्या शाईत बहिणीचे नाव नंतर घातलेले आहे, आणि हान्या त्यातले शेवटचे अक्षर बोटाने तपासते. तिथे कथा थांबते.

सूर्यवंशी काका (अ-१०४) : उत्तम. फक्त मुंबईच्या बंदराकडे जाताना मुलांना थेट गाडीत बसवू नका. पुण्याला पुन्हा उतरून गाडी बदलावी लागेल.

रानडे बाई (क-२०२) : बदलली, काका.