थायरॉईडची गाठ : तुमचे अनुभव लिहा

सुखदा: काल भाचीने सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवला, 'टायरॅड्स ४' (सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते त्याची श्रेणी) आणि खाली रडका इमोजी, माझं सगळं जुनं वर आलं. मान दुखते म्हणून एमआरआय केला तर भलतीच गाठ निघाली होती. रक्तातला टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारी तपासणी) नॉर्मल म्हणून मी निवांत, तर डॉक्टर म्हणाले कॅन्सर असला तरी टीएसएच बहुतेक नॉर्मलच असतो. गाठीत सुई घालून पेशी तपासल्या, त्याच्या रिपोर्टची श्रेणी बेथेस्डा ३, म्हणजे धड हो नाही धड नाही नाही. काही महिन्यांनी परत सुई, तेव्हा २, म्हणजे साधी गाठ. मधले महिने आरशासमोर मान वर करून आवंढे गिळायचे, गाठ हलतेय का बघत. तुमचंही लिहा, तिला वाचायला देते.

रानवारा: सुईला घाबरू नको म्हणावं, रक्त काढताना दुखतं तेवढंच. फक्त सुई आत असताना गिळायचं नाही म्हणतात आणि नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं 😄

भटक्या: गाठ केवढी ते लिहिलंच नाही? टायरॅड्स ४ असेल तर साधारण दीड सेंमीपासून सुई, त्याखाली एकपर्यंत नुसतं लक्ष ठेवतात.

सुखदा: १.१ आहे!

भटक्या: मग झोपू दे तिला.

नीलकमल: माझं बेथेस्डा ४. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सर हे सुईने कळतच नाही, पेशी सारख्याच दिसतात, आवरण फोडून बाहेर गेल्यात का ते बघायला गाठ काढावीच लागते. अर्धी ग्रंथी गेली, निघालं साधंच. सासूबाई अजून म्हणतात, "उगाच कापून घेतलंस."

रानवारा: सासूबाईंचा वेगळा धागा काढा.

निशाचर: माझा पॅपिलरी, म्हणजे थायरॉईडच्या कॅन्सरचा एक प्रकार, पूर्ण ग्रंथी काढली. शुद्धीवर आल्याआल्या नर्स म्हणे नाव सांगा, आवाज ऐकायचा होता, स्वरयंत्राची नस तिथूनच जाते ना. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या, कॅल्शियम उतरलेलं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी, हे गणित अजून चालूच. रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घेतलं तेव्हा किरणांमुळे वेगळ्या खोलीत होते, लेक दाराबाहेर बसून मुद्दाम चुकीचे पाढे म्हणायची, मी आतून ओरडायचे.

नीलकमल: 😂😂 गुणी आहे

अबोली: बाबांचा पॅपिलरी एक सेंमीच्या आतला, मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये पसरलेला नाही, डॉक्टर म्हणाले कापायची घाई नको, ठराविक काळाने सोनोग्राफी करू. जपानच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून असं करतायत म्हणे. बाबा खूष, आई येताजाता त्यांची मान चाचपते.

निशाचर: आईंना सांग चाचपून एवढीशी कळत नाही.

अबोली: तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही.

मोगरा: जरा अवांतर, केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी टीएसएच तपासायच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, रिपोर्ट चुकतो.

नीलकमल: केस थांबले का पण त्याने?

मोगरा: छे. डब्यात पडलंय.