नव्या शतकातली सर्वोत्तम विज्ञान, अद्भुत आणि भय पुस्तकं: माझी दोन ठरली, तुमची सांगा

तापीकाठ (रावेर)

पहिला नंबर ‘द विंडअप गर्ल’, दुसरा ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’. लिऊ सिशिनच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’वाल्यांनी बाह्या सरसावल्या असतील तर खुशाल सरसावा.

पाओलो बाचिगालुपीची ‘विंडअप’ २००९ची, ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेली. गोष्ट बँकॉकची. खनिज तेल संपलंय, पिकांवर एकामागून एक रोग येतायत आणि जगाचं धान्य मोजक्या बियाणं कंपन्यांच्या मुठीत आहे. थायलंडनं जुन्या वाणांची बीजपेढी जपून ठेवलीय, तिच्यावर सगळ्यांचा डोळा. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात बसून हे वाचा. नजर जाईल तिथवर टिश्यू कल्चरची जी-नाइन वाणाची केळी, एक रोप म्हणजे दुसऱ्याची नक्कल. सीएमव्ही हा विषाणूरोग आला की पानावर पिवळ्या रेघा उमटतात आणि रोप उपटून बागेबाहेर नेण्यावाचून इलाज राहत नाही.

दुसरं पुस्तक किम स्टॅन्ली रॉबिन्सनचं, २०२०चं. सुरुवातच उत्तर प्रदेशातल्या एका गावात. उष्णतेची लाट येते, वीज जाते, लोक तळ्यात उतरतात आणि तळ्याचं पाणीही अंगापेक्षा गरम. मे महिन्यात भरदुपारी भुसावळ स्टेशनावर उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

भुसावळ_जंक्शन

शेवटच्या वाक्याला हरकत आहे, दादा. त्या पुस्तकातली माणसं आपल्यासारख्या उन्हानं मरत नाहीत. आपलं ऊन कोरडं. पारा ४५च्या वर गेला तरी घाम उडून जातो, म्हणून तर घरोघरी कूलर चालतो. रॉबिन्सन दमट उकाड्याबद्दल लिहितो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि तरी तो ३५ अंश दाखवू लागला, की घामानं अंग थंड होणं बंद. मग धडधाकट माणूसही सावलीत पंख्याखाली बसल्या बसल्या काही तासांत जाऊ शकतो. तिथं कूलर लावून काही होत नाही. म्हणूनच त्या प्रकरणात एसी आणि जनरेटर जिवापेक्षा मोलाचे होतात आणि पोरं बंदुकीच्या धाकावर तेच उचलून नेतात.

ते प्रकरण जबरदस्त, वादच नाही. पुढं काय? झुरिकमध्ये बैठका, बँकवाले, कार्बनचं चलन. इतिवृत्तच वाचायचं तर आमच्या हाउसिंग सोसायटीचं रजिस्टर काय वाईट आहे?

तापीकाठ (रावेर)

मे महिना कोरडा, मान्य. पण ऑगस्टात पाऊस दडी मारतो तेव्हा? कूलर लावला की अंग चिकट, बंद केला की जीव घाबरा. त्या दिवसांत केळीच्या बागेत भर दुपारी मजूर टिकत नाही. बैठका तर मला आवडल्या. एखादा हिरो येऊन जग वाचवतो त्यापेक्षा बँकवाल्यांच्या नाकदुऱ्या काढणारी बाई जास्त खरी वाटते.

पांझराकाठ

लिऊ सिशिनला जागाच नाही? कहर आहे. सांस्कृतिक क्रांतीत मुलीच्या डोळ्यांदेखत प्राध्यापक बापाला मारून टाकतात आणि पुढं तीच मुलगी परग्रहवासीयांना ‘या, आमचं आम्हाला जमत नाही’ म्हणून बोलावते. एवढा मोठा विचार दुसऱ्या कुठल्या कादंबरीत आहे, सांगा. अनुवादित कादंबरीला ह्यूगो पहिल्यांदा मिळाला तो हिलाच, २०१५ साली. पात्रं पुठ्ठ्याची आहेत, चालायचंच.

कपाशी_चोपडा

मी ‘विंडअप’ निम्म्यात ठेवली. असली पुस्तकं वाचून लोक लगेच बीटीवर, म्हणजे अळी मारणारा जनुक घातलेल्या कपाशीवर, घसरतात. कादंबरीतलं बियाणं वांझ, तर बीटी कपाशीचं बी संकरित, वांझ नव्हे. घरचं बी पेरलं तर उगवतं, पण झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावं लागतं. २००२ला बीटी आली तेव्हा बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या होत्या, हेही कुणीतरी लिहा की.

पुढं गुलाबी बोंडअळी तिला सरावली. ती का सरावली? पाकिटासोबत साध्या कपाशीची वेगळी पुडी यायची, कडेनं लावायला. अळीला तिथं बिनविषारी जेवण मिळावं, म्हणजे बीटी पचवणाऱ्या अळ्यांचाच वंश वाढू नये. किती शिवारांत ती पुडी लागली, सांगा बरं. या गोष्टीत कुणी एकटा खलनायक नाही, आणि म्हणून ती बाचिगालुपीपेक्षा भारी आहे. लिहायला मात्र कुणी बसत नाही.

शेवभाजी_फॅन

बियाण्याचं राहू द्या. त्या कादंबरीत कृत्रिम मुलीवरचे अत्याचार लेखक फार चवीनं लिहितो, ते कुणाला खटकलं नाही? मला पानं उलटून पुढं जावं लागलं. पहिला नंबर म्हणे!

बोरीकाठ_अमळनेर

बठ्ठं परदेशीच शे ना भो! नारळीकर, धारप, मतकरी कुठं गेले? १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली, नावाला बघून नंबर देऊ नये म्हणून. ऐंशीच्या दशकात ‘वामन परत न आला’मध्ये आपल्यासारखीच आणखी यंत्रं घडवू पाहणारं बुद्धिमान यंत्र आणलं. आज सगळे एआयच्या नावानं घाबरतायत, तेव्हा ‘नव्या शतकातलं’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा.

भुसावळ_जंक्शन

आदर आहेच. पण नारळीकरांची माणसं बोलायला लागली की वर्गात बसल्यासारखं होतं. आणि धारपांची ‘लुचाई’ म्हणजे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ मराठी वेशात.

बोरीकाठ_अमळनेर

असू दे की. सांगाडा उचलला, पण त्यावर चढवलेलं गाव आपलं आहे ना? किंगचं अमेरिकन खेडं वाचून मला काही होत नाही. आमच्या गल्लीत एक बंद माडी आहे, ‘लुचाई’ वाचल्यापासून मी पलीकडच्या बोळातून जातो. मतकरींवर तर उसनवारीचा आरोपही करता येणार नाही. भयात पहिला नंबर त्यांच्या गूढकथांना, विषय संपला.

सातपुडा_मास्तरीण

विषय संपला नाही, भाऊ. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आली की शहरातली पोरं टाळ्या पिटतात. मी धडगाव भागात शिकवते. वर्गात तो प्रवेश वाचून दाखवला, तर एका पोरानं विचारलं, “मॅडम, तिला गावातून हाकललं का?” इकडं मूल दगावलं, म्हैस आटली, की कुणा बाईकडं बोट जातं. ती बहुतेक एकटी असते, पुष्कळदा जमिनीचा तुकडा नावावर असलेली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे, तरी डाकीण ठरवणं थांबलेलं नाही. भयकथा बंद करा असं मी म्हणत नाही, पण ती गंमत सगळीकडं सारखीच नसते.

माझा पहिला नंबर एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’ला. त्या जगात काही माणसांना भूकंप थोपवता येतो आणि त्यासाठीच लोक त्यांचा द्वेष करतात. आपल्या छोट्या पोरात ती शक्ती आहे हे कळताच बाप त्याला मारून टाकतो, तिथून आईची गोष्ट सुरू होते. या त्रयीच्या तिन्ही भागांना ओळीनं ह्यूगो मिळाले, २०१६, १७ आणि १८ला. चेटकीण ठरवलेलीच्या बाजूनं लिहिलेलं एवढं ताकदीचं मी दुसरं वाचलं नाही.

बोरीकाठ_अमळनेर

ताई, इथंच घोळ आहे. जेमिसिनच्या माणसांकडं खरंच शक्ती असते, गाव सपाट करण्याइतकी. म्हणजे गावकऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही. तुमच्याकडच्या बाईकडं तर काहीच नसतं. मग हे पुस्तक तिच्या कामाचं कसं?

सातपुडा_मास्तरीण

कामाचं आहे. ‘डाकीण नसतेच’ म्हटलं की समोरचा उठून जातो. ‘समजा असली, तरी मारायचं का?’ असं विचारलं की बसून राहतो. जेमिसिन दुसरा प्रश्न विचारते.

तापीकाठ (रावेर)

‘फिफ्थ सीझन’ मागवतो. ‘विंडअप’ मात्र वरून हलणार नाही.

बोरीकाठ_अमळनेर

वाद घालायला ठीक आहे, ताई, पण भयकथा म्हणून नाही चालत. जेमिसिन वाचून मला छान झोप लागली. मतकरी वाचल्यावर दिवा सुरू ठेवावा लागतो.