मदत हवी आहे: टेनिसपटूचा ‘ऐन भराचा काळ’ मोजायचा कसा?

मंडळी, टेनिस बघणारे आणि एक्सेल येणारे, दोघांचीही मदत हवी आहे.

गणपतीत भाचा घरी आला होता. तो जोकोविचचा भक्त, मी फेडररचा. आरती आटोपून मोदक संपेपर्यंत आमचं जुंपलं होतं. त्याचं म्हणणं सरळ: जोकोविच २४ ग्रँडस्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, अमेरिकन), नदाल २२, फेडरर २०, विषय संपला. मी म्हटलं, बाबा रे, आयुष्यभराची बेरीज वेगळी आणि ऐन भरात असताना कोण किती उंच गेला हे वेगळं. तर म्हणतो, “मग मोजून दाखव ना, मामा.” हरेल त्याने सगळ्या घराला मस्तानी पाजायची.

मोजायला बसलो आणि अडकलो. आधी सोपं केलं, प्रत्येकाचं सर्वोत्तम वर्ष काढलं. मॅकेन्रो १९८४: ८२ विजय, ३ पराभव. फेडरर २००५: ८१-४. फेडरर २००६: ९२-५. सिनर २०२४: ७३-६. जोकोविच २०१५: ८२-६, २०११: ७०-६. नदाल २०१३: ७५-७. टक्केवारी काढली तर मॅकेन्रो सगळ्यांच्या वर, त्याच्याखाली फेडरर २००५. पण २००५ मध्ये फेडररच्या दोनच ग्रँडस्लॅम आहेत, २००६ मध्ये तीन. मग भराचं वर्ष कुठलं धरू? नदालचा तर आणखी घोळ. २०१० मध्ये त्याने ओळीने तीन ग्रँडस्लॅम जिंकल्या, पण ७१-१०, म्हणजे टक्केवारीत सिनरच्या कितीतरी खाली.

शिवाय मुळात जानेवारी ते डिसेंबर असंच का मोजायचं? खेळाडू काय कॅलेंडर बघून बहरतो का? क्रमवारीचे गुण वापरले तर चालेल का? आणि वयाचं काय करायचं? कृपया मार्ग दाखवा. ‘फेडरर म्हणजे कविता’ असले प्रतिसाद नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.

टायब्रेकर:
गुणांच्या वाटेला जाऊ नका. २००९ पासून एटीपीने (पुरुष टेनिसची संघटना) क्रमवारीचे गुण दुप्पट केले. त्याआधी ग्रँडस्लॅम विजेत्याला १००० मिळायचे, आता २००० मिळतात. जोकोविचचे जून २०१६ मधले १६,९५० गुण हा विक्रम आहे खरा, पण तो २००६ च्या फेडररशेजारी ठेवलात तर भाचा फुकटात जिंकेल.

कॅलेंडरबद्दल तुमची शंका बरोबर आहे. जोकोविचचा सगळ्यात उंच टप्पा विम्बल्डन २०१५ ते फ्रेंच ओपन २०१६. चार ग्रँडस्लॅम, चारही त्याच्या. पण त्या दोन वर्षांत विभागल्या गेल्यामुळे तुमच्या तक्त्यात दिसणारच नाहीत. नदालचंही तसंच. २००८ मध्ये फ्रेंच, विम्बल्डन, बीजिंगचं सुवर्ण आणि लगेच जानेवारी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन. ३१ डिसेंबरला रेघ मारली की हा तुकडा कापला जातो. तेव्हा वर्ष सोडा आणि सरकती खिडकी घ्या: लागोपाठच्या ४ ग्रँडस्लॅम, मग एक पुढे सरकून पुढच्या ४, असं शेवटपर्यंत.

चहाबाज:
फेडरर २००६ मध्ये पाच सामने हरला, त्यातले चार एकट्या नदालकडून (दुबई, माँटे कार्लो, रोम आणि पॅरिस, म्हणजे फ्रेंच ओपन). उरलेला एक सिनसिनाटीला मरेकडून. म्हणजे अख्ख्या जगापुढे देव आणि मायोर्काच्या एका पोरापुढे तुमच्याआमच्यासारखा. याला भर म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी चहा टाकतो.

जुना प्रेक्षक:
मॅकेन्रोचा आकडा वर आला म्हणून इतकं दचकू नका, १९८४ तसंच होतं. वर्षाच्या सुरुवातीपासून सलग ४२ सामने जिंकून गडी पॅरिसच्या अंतिम फेरीत लेंडलविरुद्ध दोन सेट वर होता आणि तिथून हरला. दुसरा पराभव सिनसिनाटीला, पहिल्याच फेरीत, आणि समोर कोण? आपला विजय अमृतराज! तिसरा डेव्हिस कपच्या (देशादेशांची सांघिक स्पर्धा) अंतिम लढतीत स्वीडनच्या सुंडस्ट्रॉमकडून. अख्ख्या वर्षात तीनदा हरलेल्या माणसाला एकदा मद्रासच्या विजयने हरवलं, हे आजच्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षी मॅकेन्रो २५ वर्षांचा होता आणि त्यानंतर एकेरीत एकही ग्रँडस्लॅम त्याच्या हाती लागली नाही. उलट वॉवरिंका बघा. पहिली ग्रँडस्लॅम २८ व्या वर्षी, दुसरी ३० व्या, तिसरी ३१ व्या. मरे पहिल्यांदा क्रमांक एकवर गेला तेव्हा २९ चा. अगासी नोव्हेंबर १९९७ मध्ये १४१ व्या क्रमांकावर घसरला होता आणि २००३ मध्ये, ३३ व्या वर्षी, पुन्हा अव्वल. त्यामुळे वय बघून ‘हा इथे भरात असायला हवा’ असं ठरवू नका. कोणाचा सुळका असतो, कोणाचं पठार.

तक्तेबाज:
वय सोडू नका, फक्त जपून वापरा. एक उदाहरण देतो. फेडरर-जोकोविच एकूण २३-२७. हे वाचून लोक निकाल लावून मोकळे होतात. आता २०१० च्या अखेरीस रेघ मारा: तोपर्यंत फेडरर १३-६ ने पुढे. तिथून पुढे १०-२१. दोघांच्या वयात पावणेसहा वर्षांचं अंतर आहे. एकाचा भर ओसरताना दुसऱ्याचा सुरू झाला, आणि एकूण आकड्यात ते दोन वेगळे काळ एकत्र कालवले गेलेत.

पण मामा, याचा फायदा फेडररला सरसकट देऊ नका. २०११ मध्ये जोकोविचची सलग विजयांची मालिका पॅरिसच्या उपांत्य फेरीत तोडली ती फेडररनेच. २०१५ मधल्या जोकोविचच्या सहा पराभवांपैकी तीन त्याचेच, तेही वयाच्या ३३-३४ व्या वर्षी. म्हातारा झाला होता हे कारण तेवढं टिकत नाही.

शिवाय समोर कोण होतं तेही धरा. २०१५ मध्ये जोकोविच पहिल्या दहातल्या खेळाडूंशी ३६ वेळा खेळला, ३१ जिंकला. विजयाच्या टक्केवारीत हे वजन कुठेच दिसत नाही. ते हवं असेल तर बुद्धिबळातली एलो पद्धत टेनिसलाही लावतात. त्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं की जास्त गुण आणि कच्च्याकडून हरलं की जास्त दंड. मात्र एक्सेलमध्ये हाताने करायला जाऊ नका, डोळे जातील.

चहाबाज:
आणि कोर्ट? विम्बल्डनने २००१ मध्ये गवताचं बियाणं बदललं, चेंडू आधीपेक्षा जास्त उसळायला लागला. सॅम्प्रसला गवत आणि माती असे दोन वेगळे खेळ खेळावे लागायचे. सलग सहा वर्षं वर्षअखेरीचा अव्वल खेळाडू, पण पॅरिसला कधी अंतिम फेरी नाही. त्याला फेडरर, नदाल, जोकोविचच्या रांगेत बसवणं अन्याय आहे असं मला वाटतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सॅम्प्रसला वेगळ्या पानावर टाकलं, एलोला लांबूनच नमस्कार केला आणि सरकती खिडकी लावली. निकाल असा आला की मीच गोंधळलो.

लागोपाठच्या ४ ग्रँडस्लॅमची खिडकी: जोकोविच ४ पैकी ४. फेडरर कुठूनही मोजा, जास्तीत जास्त ३ (२००६ मध्ये राहिलेल्या एकीत पॅरिसची अंतिम फेरी). भाचा जिंकला.

८ ची खिडकी: दोघेही ६. जोकोविचचे विम्बल्डन २०१४ ते फ्रेंच २०१६. त्यात एक उपांत्य फेरी (अमेरिकन ओपनला निशिकोरीने हरवलं) आणि एक अंतिम फेरी (पॅरिसला वॉवरिंकाने). फेडररच्या मात्र आठही अंतिम फेऱ्या. केसभर पुढे.

१० ची खिडकी: विम्बल्डन २००५ ते अमेरिकन ओपन २००७. फेडररच्या सलग दहा अंतिम फेऱ्या, ८ जिंकल्या, २ हरल्या, दोन्ही पॅरिसला नदालकडून. जोकोविचचे विम्बल्डन २०१४ पासूनचे दहा घेतले तर ६ च राहतात, कारण २०१६ च्या विम्बल्डनला तिसऱ्याच फेरीत क्वेरीने त्याला घरी पाठवलं.

म्हणजे वर्षभराची उंची मोजली तर भाचा, अडीच वर्षांची मोजली तर मी. भाच्याला फोटो पाठवला. उत्तर आलं: “मामा, खिडकी तू निवडलीस. आणि २०२३ मध्ये ३६ व्या वर्षी चारही अंतिम फेऱ्या गाठून तीन जिंकल्या, तो कुठला भर?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०११, २०१५, २०२१, २०२३... या माणसाच्या आलेखाला पठारही म्हणता येत नाही, सह्याद्रीची रांग आहे ती.

एक शेवटची अडचण. न खेळलेल्या स्पर्धांचं काय करू? जोकोविच २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन खेळलाच नाही. कॉनर्सला १९७४ मध्ये फ्रेंच ओपनने खेळूच दिलं नाही. तिथे शून्य टाकू का?

तक्तेबाज:
अजिबात नको. रकाना रिकामा सोडा. एक्सेल सरासरी काढताना रिकामा रकाना वगळतो, पण शून्य टाकलंत की तो पराभव म्हणून मोजला जातो.

धागाकर्ता:
सोडले रिकामे. आता कॉनर्स १९७४ तीनपैकी तीन दाखवतोय, म्हणजे १०० टक्के, थेट जोकोविचच्या बरोबरीने. भाचा विचारतोय, कॉनर्स कोण?