32 वा आठवडा, सकाळची शुगर उतरतच नाहीये. डिलिव्हरीनंतर इन्सुलिन सुटतं का?

वर्धारोडवाली:
तायांनो, पहिलंच आहे माझं, 32 वा आठवडा सुरू आहे. 26 व्या आठवड्यात ते 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात नं, ते 140 च्या आत पाहिजे होतं, माझं 163 आलं, म्हणजे गरोदरपणातला डायबिटीस. तेव्हापासून साखर बंद, तर्री पोहे बंद (हे सगळ्यात जड गेलं), भात दोन चमचे, जेवल्यावर कॉलनीत चार चकरा. जेवणानंतर दोन तासांची आता 110-118 येते, तिथे डॉक्टर खुश आहेत. पण उपाशीपोटीची 95 च्या आत हवी ती 102, 106, 104, खाली यायचं नावच घेत नाही. परवा त्यांनी रात्री झोपताना 6 युनिट इन्सुलिन लिहून दिलं. घरी सासूबाई एकच म्हणून राहिल्या, सुई एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, त्यांच्या नणंदेची नाही सुटली म्हणे. तिकडे काटोलला आई लाडवांसाठी आतापासून डिंक आणून बसली आहे. आणि काल तर कहरच, दुपारी भाकर-भाजी-वरण खाल्लं, नंतर घरच्यांना संत्री सोलून दिली, स्वतः एक फोडपण नाही खाल्ली, तरी मशीनवर 208! बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. माझं काय चुकून राहिलं? इन्सुलिनने बाळाला काही होतं का?

मनीषनगरची_आई:
अगं रडू नको, तुझं काहीच चुकत नाहीये. माझी पोरगी आता दोन वर्षांची आहे, मलाही 30 व्या आठवड्यापासून सुई होती. सकाळची शुगर तू रात्री काय खाल्लं त्यापेक्षा वारेच्या (प्लासेंटाच्या) हार्मोन्सवर जास्त असते, वार जशी मोठी होते तसं आपल्या शरीराचं इन्सुलिन कमी पडायला लागतं आणि रात्री लिव्हर आपलं साखर सोडतच राहतं, तू झोपेत चकरा थोडीच मारणार? माझा डोस 6 वरून 18 युनिटवर गेला होता, 36 व्या आठवड्यापर्यंत वाढतच गेला, तेव्हा डोस वाढला म्हणजे बिघडलं असं समजू नको. आणि वार निघाली की हार्मोन्स गेले. माझी सुई डिलिव्हरीच्या दिवशीच बंद झाली, दुसऱ्या दिवशी फास्टिंग 88. सासूबाईंच्या नणंदेला बहुतेक गरोदरपणाचा नाही, नेहमीचा डायबिटीस असेल.
त्या 208 चं मात्र मला वेगळंच वाटून राहिलं. संत्री सोलल्यावर हात धुतले होते का?

धरमपेठ_82:
मी तर म्हणते सुईच्या नादी लागू नका. रात्रीचं जेवण बंद करा, सकाळी कारल्याचा रस घ्या, माझ्या मिस्टरांची शुगर यानेच आली कंट्रोलमध्ये.

वॉर्डवाली_सिस्टर:
धरमपेठ ताई, राग मानू नका, पण मिस्टर गरोदर नव्हते. मी 14 वर्षं प्रसूती वॉर्डात ड्यूटी करते म्हणून बोलून राहिली. पोटुशीने रात्री उपाशी झोपायचं नाही, शरीर चरबी जाळायला लागलं की किटोन तयार होतात, ते बाळासाठी चांगले नाहीत, वरून इन्सुलिन घेतलेलं असेल तर मध्यरात्री शुगर घसरते ती वेगळीच. उलट झोपताना बिनसाखरेचं दूध आणि मूठभर शेंगदाणे खाऊन बघ, काहींची सकाळची थोडी उतरते.

वर्धारोडवाली, इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. बाळाकडे जाते ती तुझी साखर. ती जास्त गेली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगाने मोठं होतं, आणि नाळ कापल्यावर इकडून साखर बंद पण त्याचं इन्सुलिन चालूच, म्हणून जन्मल्यावर बाळाची शुगर खाली येऊ शकते. तेव्हा पहिल्या तासातच छातीशी लाव, चीक वाया घालवू नको, आणि टाचेला टोचून तपासतील तेव्हा घाबरून आरडाओरड करू नको (नातेवाईक जास्त करतात). आता लक्ष ठेवायचं ते बाळाच्या हालचालींवर, रोज ठरलेल्या वेळी डाव्या कुशीवर पडून मोज, कमी वाटल्या तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठ. शेवटच्या आठवड्यांत इन्सुलिनची गरज एकदम कमी झाली, शुगर सारखी लो यायला लागली, तर "वा, बरी झाली" म्हणून बसू नको, वार नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, त्याच दिवशी फोन कर.

अजून एक, तुझी तारीख ऐन मे मध्ये येते. पंचेचाळीसच्या उन्हात घाम उकाड्याचा की शुगर लो झाल्याचा ते कळत नाही. हात थरथरले की आधी मशीन लाव, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी आणि पंधरा मिनिटांनी परत तपास. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेव, फ्रीजरमध्ये नको आणि कूलरवर तर नकोच, एकीने इन्सुलिनचं पेन कूलरच्या खिडकीत ठेवलं होतं, दुपारचं ऊन तिथेच.

मनीषनगरची_आई:
लाडवांचं राहिलंच. मी खाल्ले, पण आईला गूळ निम्मा घालायला लावला, लाडू लिंबाएवढा आणि दिवसाला एकच. घरचे म्हणतात त्याशिवाय दूध येत नाही, असं काही नसतं, बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं.

जुनी_मेंबर_महाल:
मी इथे लिहीत नाही फारशी, पण हे वाचून राहवलं नाही. माझी सुईपण डिलिव्हरीनंतर बंद झाली आणि मी समजली की सुटली. सहा आठवड्यांनी परत ग्लुकोजची टेस्ट करायला सांगितली होती, कार्डावर लिहून दिलं होतं, पण बाळाचं लसीकरण, सव्वा महिना, सासरी परत जाणं, कोण जातं लॅबमध्ये दोन तास बसायला. पाच वर्षं गेली. मग पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तर फास्टिंग 190. त्या पाच वर्षांत एकदा जरी टेस्ट केली असती तरी लवकर सापडलं असतं. तू बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच स्वतःचीपण करून घे, उपाशीपोटी जा, बाळ आजीकडे दे. नॉर्मल आली तरी दरवर्षी करत जा, आणि दुसऱ्या बाळाचा विचार करशील तर त्याच्या आधी.

वर्धारोडवाली:
हात नव्हते धुतले!! आज मुद्दाम करून पाहिलं. जेवणानंतर दोन तासांनी एक संत्रा सोलला, तसंच बोट टोचलं, 187. साबणाने हात धुऊन, पुसून दुसऱ्या बोटाला टोचलं, 114. दोन पट्ट्या गेल्या, मिस्टर म्हणे महागाचा प्रयोग, पण सासूबाईंनी दोन्ही आकडे स्वतः चष्मा लावून वाचले आणि आता त्याच मला टोचायच्या आधी हात धुतले का विचारतात. काल रात्री 6 युनिट घेतलं, दूध-शेंगदाणे घेतले, आज सकाळची 97. सुई पोटाला टोचताना मुंगी चावल्यासारखंपण नाही वाटलं. सिस्टर, एक विचारायचं राहिलं, काटोलला जाताना दोन तास गाडीत पेन कसं न्यायचं, ओल्या फडक्यात गुंडाळलं तर चालेल का?

वॉर्डवाली_सिस्टर:
चालेल, पण आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाल मग वरून ओलं फडकं. बर्फाला चिकटवू नको, गोठलं की फेकायचं. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवशील तर मीच ओरडायला येईन.